जुन्या एमजीबीच्या पुढच्या चाकांची बेअरिंग्ज: स्पेसर आणि शिम्स ठेवाव्यात की काढाव्यात?

टेम्सकाठचा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९७३ सालची एमजीबी जीटी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो आणि ज्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात ही गाडी बनली तो कारखाना माझ्या घरापासून फार दूर नव्हता. गेल्या दोन महिन्यांपासून ताशी चाळीस मैलांच्या पुढे डाव्या पुढच्या चाकातून घरघर ऐकू येते. सरळ रस्त्यावर ती जेमतेम जाणवते, पण राउंडअबाउटवर गाडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरू लागली, म्हणजे उजवीकडे वळली आणि भार डाव्या चाकांवर गेला, की आवाज स्पष्ट वाढतो. चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांना २०१८ च्या मे महिन्यापासून इथल्या वार्षिक तपासणीतून सूट आहे. तरीही मी स्वतःहून ती करून घेतो, आणि या वेळी तपासनिसाने डाव्या चाकाला प्ले (ढिलेपणा) असल्याची नोंद केली.

बेअरिंगचे दोन संच आणून ठेवले आहेत. माझा प्रश्न बसवण्यासंबंधी आहे. या गाडीच्या हबमध्ये (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागात) दोन टेपर रोलर बेअरिंग्ज असतात आणि त्यांच्या मध्ये एक पोलादी स्पेसर (अंतर राखणारी नळी) आणि काही शिम्स (पातळ चकत्या) असतात. आमच्या भागातले एक अनुभवी मेकॅनिक म्हणाले, "हे सगळे काढून टाका, नट हाताने घट्ट करा, थोडा सैल करा, पिन घाला, झाले." गाडीच्या कार्यशाळा-पुस्तिकेत मात्र शिम्स मोजून घालण्याचा भलामोठा विधी दिला आहे. कोणाचे ऐकावे? शिवाय बेअरिंग बदलतोच आहे तर काही वरच्या दर्जाचे, सीलबंद किंवा आधुनिक, बसवता येईल का, हेही जाणून घ्यायचे आहे.

मिडलँड्सकर

हबला हात लावण्याआधी एक खात्री करून घ्या. एमजीबीच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये बॉल जॉइंट नाहीत; किंगपिन (चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळते ते उभे खिळे) आहेत, आणि ते ग्रीसविना राहिले की झिजतात. चाक जॅकवर उचलून, गाडी स्टँडवर पक्की ठेवून, वर आणि खाली धरून हलवल्यावर जो प्ले जाणवतो तो बेअरिंगचाही असू शकतो आणि किंगपिनचाही. घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि तेव्हा पुन्हा हलवून पाहा. ब्रेक दाबला की डिस्क आणि हब कॅलिपरमार्फत (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) हब ज्यावर फिरतो त्या आखूड आसाशी, म्हणजे स्टब अ‍ॅक्सलशी जखडले जातात, त्यामुळे प्ले नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा, आणि तसाच राहिला तर किंगपिनचा किंवा त्याच्या टोकाच्या बुशांचा. एका परिचितांनी ही साधी चाचणी न करता बेअरिंग्जवर दोनदा खर्च केला आणि प्ले जिथल्या तिथेच राहिला.

आवाजाचे वर्णन मात्र बेअरिंगकडेच बोट दाखवते. किंगपिन खडखडतात, अशी घरघर करत नाहीत.

रोलर_आणि_रेस

मी चिंचवडला बेअरिंगच्या कारखान्यात एकतीस वर्षे काढली. गाड्या हा माझा विषय नव्हे, पण टेपर रोलर बेअरिंगबद्दल चार शब्द खात्रीने सांगू शकतो.

हेन्री टिमकेन यांनी अमेरिकेत १८९८ साली ज्या बेअरिंगचे पेटंट घेतले त्याचे वैशिष्ट्य असे, की रोलर आणि दोन्ही रेस (रोलर ज्यांवरून फिरतात ती आतली आणि बाहेरची कडी) शंकूच्या आकाराच्या असल्यामुळे ते वरून येणारा भार आणि वळणावर बाजूने येणारा रेटा असे दोन्ही एकाच वेळी पेलते. ही सोय फुकट मिळत नाही. साध्या बॉल बेअरिंगमधली फट कारखान्यातच ठरते. टेपर बेअरिंगमधली फट बसवणाऱ्याच्या हातात असते, कारण कोन (रोलरसकट आतली रेस) कपात (बाहेरच्या रेसमध्ये) जितका सरकवाल तितकी ती कमी होते. म्हणून ही बेअरिंग्ज नेहमी समोरासमोर जोडीने बसवतात आणि त्या दोघांमधले अंतर कसे ठरवायचे हा प्रत्येक गाडीच्या रचनेचा प्रश्न असतो.

बहुतेक गाड्यांमध्ये ते अंतर नट ठरवतो. एमजीबीच्या रचनाकारांनी ते काम नटाकडून काढून घेऊन स्पेसर आणि शिम्सकडे दिले. दोन्ही कोनांच्या मध्ये स्पेसर उभा असल्यामुळे नट कितीही घट्ट केला तरी कोन ठरावीक अंतरापेक्षा जवळ येऊ शकत नाहीत. तेव्हा नटाला एकच काम उरते: आतल्या बेअरिंगचा कोन, स्पेसर, शिम्स आणि बाहेरच्या बेअरिंगचा कोन या सगळ्यांना स्टब अ‍ॅक्सलच्या खांद्याशी दाबून एक घट्ट खांब तयार करणे. पुस्तिकेत त्या नटाचा टॉर्क (आवळण्याचा जोर) ४० ते ७० फूट-पाउंड दिला आहे तो याच कारणासाठी. मर्यादा इतकी रुंद आहे ती कॅसल नटाची खाच पिनेच्या भोकासमोर यावी म्हणून. ४० ला घट्ट करा, आणि खाच जुळली नाही तर मागे न येता पुढेच जा.

ताम्हिणी_घाट

काका, आपल्या अनुभवाबद्दल आदर आहे, परंतु इथे मी वेगळे मत मांडतो. माझे वडील आणि मी मिळून चाळीसेक वर्षे गॅरेज चालवले. जुन्या महिंद्रा जीपच्या पुढच्या हबमध्ये दोन टेपर बेअरिंग्ज असतात, मध्ये स्पेसर नाही, बाहेरून दोन नट आणि मध्ये वळवायच्या जिभेचा लॉक वॉशर. हब फिरवत फिरवत आतला नट आवळायचा, चाक किंचित जड झाले की थोडा मागे घ्यायचा आणि बाहेरच्या नटाने जखडायचा. त्या जीपा घाटांत मरेस्तोवर चालल्या. एमजीबीच्याच काळातल्या ट्रायम्फ स्पिटफायरमध्येही टेपर बेअरिंग्ज आहेत आणि तिथेही स्पेसर नाही. मग एमजीबीलाच असे काय सोने लागले आहे? माझ्या मते हे कारखान्यातल्या जुळणीच्या सोयीसाठी केलेले काम असावे, आणि घरी करणाऱ्याने त्यासाठी शिम्सच्या पाकिटांमागे धावू नये.

रोलर_आणि_रेस

आपला मुद्दा रास्त आहे आणि जीपच्या बाबतीत तो पूर्ण बरोबर आहे. फरक पडतो तो स्टब अ‍ॅक्सलमध्ये. जीपच्या हबच्या आतला स्पिंडल पोकळ आणि चांगला जाड असतो, कारण त्यातून ड्राइव्ह शाफ्ट जातो. एमजीबीचा स्टब अ‍ॅक्सल भरीव पण सडपातळ आहे आणि टोकाकडे आणखी निमुळता होतो. वळणावर चाक त्याला वाकवू पाहते, आणि चाकाच्या प्रत्येक धक्क्याबरोबर हा ताण कमीजास्त होत राहतो. वर्षानुवर्षे असे झाले की धातू थकतो. नट ४० फूट-पाउंडांना आवळून स्पेसरचा खांब दाबात आणि स्टब अ‍ॅक्सल ताणात ठेवला, की वाकवणाऱ्या भाराचा मोठा वाटा तो खांब उचलतो आणि अ‍ॅक्सलमधल्या ताणाची चढउतार कमी होते. इंजिनच्या हेडचे बोल्ट आपण पूर्वताण देऊन आवळतो त्यामागचा विचार हाच आहे.

दुसरी गोष्ट. स्पेसर काढला की तो नट ४० ला आवळताच येत नाही, कारण तसे केले तर रोलर चिरडतील. म्हणजे तो जवळपास सैल राहतो आणि त्याला फक्त स्प्लिट पिन थोपवते. कोन स्टब अ‍ॅक्सलवर सरकवून बसवलेला असतो, ठोकून नव्हे. त्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे काही नसेल तर तो अ‍ॅक्सलवर अतिशय हळू फिरू लागतो, आणि ज्या पृष्ठभागावर तो फिरतो तो पृष्ठभाग खातो. ट्रायम्फसारख्या गाड्या तो धोका पत्करून चालतात, आणि त्यांच्या स्टब अ‍ॅक्सलच्या तक्रारी आपण ऐकल्याच असतील.

मिडलँड्सकर

काकांच्या म्हणण्याला एक व्यवहारातला दुजोरा देतो. कोव्हेंट्रीच्या आसपास शर्यतीसाठी एमजीबी तयार करणारी जी माणसे मला माहीत आहेत, त्यांतला एकही जण स्पेसर काढत नाही, जरी ते वजनासाठी दाराची हँडलेसुद्धा काढून टाकतात.

ताजा कलम: कोणाकडे एमजी मिजेट असेल तर वरचे काहीही तिला लावू नये. तिच्या पुढच्या हबमध्ये टेपर नव्हे तर अँग्युलर कॉन्टॅक्ट (एका बाजूचा रेटाही पेलणारी) बॉल बेअरिंग्ज असतात. त्यांच्या मध्येही स्पेसर असतो, पण शिम्स नसतात. त्या बेअरिंगवर ज्या बाजूला थ्रस्ट असे कोरलेले असते ती बाजू आत, स्पेसरकडे यावी लागते. बाजारात त्याच मापाची साधी बॉल बेअरिंग्ज मिजेटसाठी म्हणून विकली जातात. ती बसतात, पण बाजूचा रेटा त्यांना फार काळ पेलवत नाही.

गार्डनस्टेट

मी न्यू जर्सीत राहते आणि माझ्याकडे १९९४ ची माझदा एमएक्स-५ आहे. "आधुनिक" बेअरिंग म्हणजे काय होते ते माझ्या अनुभवावरून सांगते. या गाडीच्या पुढच्या चाकांत हब आणि बेअरिंग मिळून एकच सीलबंद भाग असतो. त्यात शिम नाही, ग्रीस भरणे नाही, फट जुळवणे नाही. नटाची ठेचलेली कड सरळ करून तो २९ मिमीच्या सॉकेटने काढायचा, जुना भाग ओढून काढायचा, नवा सरकवायचा आणि नवा नट टॉर्कला आवळून ठेचायचा. अर्ध्या तासाचे काम आहे. पण भाग खराब झाला की दुरुस्ती नाही, सगळाच फेकायचा, आणि स्वस्त पर्यायी हब ट्रॅकवर एका उन्हाळ्यातच प्ले दाखवू लागतो. म्हणून ट्रॅकवर जाणारे लोक नवा हब आणून तो आधी उघडतात आणि त्यात जास्त तापमान सोसणारे ग्रीस भरतात. म्हणजे सीलबंद भाग घेऊन शेवटी ते आपल्यासारखेच हात माखून घेतात.

मागच्या चाकांची तर कथाच वेगळी. तिथे बेअरिंग नकलमध्ये (हब धरणाऱ्या भागात) प्रेसने बसवलेले असते, आणि हब दाबून काढताना बेअरिंगच्या आतल्या रेसचा अर्धा भाग हबवरच चिकटून येतो. तो काढण्यासाठी मी शेवटी ग्राइंडरने चर पाडून छिन्नीने फोडला. टेम्सकाठचा यांना माझा सल्ला आहे, की आपल्या गाडीतली दुरुस्त करता येण्याजोगी रचना सोडून देऊ नका.

टेम्सकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. ब्रेकची चाचणी केली आणि प्ले नाहीसा झाला, त्यामुळे दोष बेअरिंगचाच आहे. स्पेसर ठेवण्याचे ठरवले आहे. काल डाव्या बाजूचे काम केले त्याचा वृत्तांत देतो, चुकांसह.

कॅलिपर सोडून तारेने वर टांगला, होजला लोंबकळू दिला नाही. डिस्कसकट हब ओढून निघाला. आतल्या बेअरिंगच्या कपावर ठरावीक अंतराने राखाडी ठिपके पडलेले होते आणि एका ठिकाणी पापुद्रा सुटला होता, म्हणजे घरघरीचे मूळ सापडले. दोन्ही कप पितळी ड्रिफ्टने आळीपाळीने दोन्ही बाजूंना ठोकून बाहेर काढले. नवे कप रात्रभर फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवले होते. ते सरळ बसले असे वाटले, आणि इथेच चूक झाली.

पुस्तिकेप्रमाणे आधी ऑइल सील आणि ग्रीस न घालता कोरडी जुळणी करायची असते, आणि शिम्स मुद्दाम जास्त घालायच्या असतात. शिम्स ०.००३, ०.००५ आणि ०.०१० इंचांच्या मिळतात. मी तीन दहाच्या आणि एक तीनची, मिळून ३३ थाउ (एक थाउ म्हणजे ०.००१ इंच) घातल्या, हब फिरवत नट ४० ला आवळला आणि डायल गेजने आत-बाहेर हालचाल मोजली. ती १२ थाउ आली. हव्या त्या ३ थाउसाठी ९ थाउ काढल्या आणि २४ उरल्या. परंतु पुन्हा मोजले तेव्हा हालचाल ३ ऐवजी ९ आली! तासभर गणित तपासत बसलो.

रोलर_आणि_रेस

गणित नव्हे, बाहेरचा किंवा आतला कप पूर्ण खाली बसलेला नव्हता. नट आवळताना आणि हब हलवताना तो पुढे सरकून खांद्याला टेकला, आणि कप जितका खोल जाईल तितकी फट वाढते. कप ठोकताना कानाने ऐकावे. खांद्याला टेकला की हातोड्याचा आवाज बद्द असायचा तो एकदम टणक होतो आणि हाताला झिणझिण्या येतात. तो आवाज आल्याशिवाय मोजमाप सुरू करू नये.

टेम्सकाठचा

काका, आपण तिथे उभे होता असेच वाटले. जुना कप उलटा ठेवून त्यावरून ठोकल्यावर आतला कप आता खांद्याला टेकला असल्याचे टणक आवाजावरून कळले. मग सगळे पहिल्यापासून केले. ३३ थाउ शिम्ससह हालचाल १८ आली. १५ काढल्या, १८ उरल्या, म्हणजे एक दहाची, एक पाचची आणि एक तीनची. शेवटची हालचाल ३ थाउ, म्हणजे सुमारे ०.०८ मिलिमीटर. पुस्तिकेत २ ते ४ थाउ, अर्थात ०.०५ ते ०.१० मिलिमीटर सांगितली आहे. जुन्या बेअरिंगसोबत २३ थाउंच्या शिम्स निघाल्या होत्या. त्या तशाच घातल्या असत्या तर फट ८ थाउ राहिली असती.

मिडलँड्सकर

हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. "जुन्या शिम्स जशाच्या तशा घाला" हा सल्ला सर्रास दिला जातो. बेअरिंगची जाडी बनावटीगणिक काही थाउंनी बदलते आणि इथे सगळा खेळच दोन थाउंचा आहे. फट जास्त राहिली की डिस्क डुलते, पॅड मागे ढकलले जातात आणि पुढच्या वेळी ब्रेक दाबला की पेडल अचानक खोल जाते. लोक मग मास्टर सिलिंडर बदलत बसतात.

ताम्हिणी_घाट

मोजमाप वाचून समाधान वाटले, पण एक शंका राहते. आमच्याकडे हब बसवताना आम्ही किंचित जडपणा ठेवायचो, कारण तो थोड्या दिवसांत आपोआप मोकळा होतो. इथे उलट फट ठेवायला का सांगितली असावी?

रोलर_आणि_रेस

मोकळे होणे म्हणजे रोलर आणि रेस झिजणे, आणि ती झीज पहिल्याच दिवशी का ओढवून घ्यावी? शिवाय चाकाच्या हबशेजारी डिस्क ब्रेक तापतो, आणि जो जडपणा थंड असताना "किंचित" असतो तो गरम झाल्यावर किती होईल याचा भरवसा नसतो. मोजता न येणाऱ्या दाबापेक्षा मोजता येणारी छोटी फट बरी. दोन थाउंची फट बेअरिंगच्या आयुष्यातून फारसे काही कमी करत नाही. जास्तीचा दाब मात्र ते झपाट्याने संपवतो.

वरच्या दर्जाचे बेअरिंग हा मूळ प्रश्न राहूनच गेला. सिरॅमिक किंवा तत्सम काही इथे लागत नाही. रोलर बेअरिंगचे गणिती आयुष्य भार कमी झाल्यावर साधारण ३.३ व्या घाताने वाढते, आणि या हलक्या गाडीवर मूळ मापाच्या बेअरिंगवरचा भार तसाही बेताचाच आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर नामांकित बनावटीचे बेअरिंग आणि चांगले ऑइल सील यांवर करा. ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, दोन क्रमांकाचे. जुन्या ग्रीसचा अंश रॉकेलने धुऊन पूर्ण काढा, कारण वेगवेगळ्या साबणांनी (ग्रीस घट्ट करणाऱ्या घटकांनी) बनलेली ग्रीस एकत्र आली की पातळ होऊन वाहू शकतात. धुतल्यावर बेअरिंग हवेच्या नळीने गरगर फिरवू नका. ऐकायला गंमत वाटते, पण कोरडे रोलर त्यात ओरखडतात. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या रुंद बाजूने दाबत भरा, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. बाहेरच्या टोपीत मात्र भरू नका. गरम झाल्यावर त्याला फुगायला जागा लागते, नाहीतर ते सीलमधून डिस्कवर येते.

टेम्सकाठचा

आज उजवी बाजू उघडली. त्या चाकाला ना आवाज होता ना तपासनिसाची नोंद, केवळ दोन्ही बाजू सारख्या व्हाव्यात म्हणून उघडली. टोपी काढली तर नट हाताने फिरत होता आणि पिन तेवढी होती. हब ओढला, आणि आत स्पेसर नाही, शिम नाही. आधीच्या कोणा मालकाने किंवा त्याच्या मेकॅनिकने ते काढून टाकले असणार.

बेअरिंग्ज तशी ठीक आहेत. परंतु स्टब अ‍ॅक्सलवर जिथे आतला कोन बसतो तिथे निळसर पट्टा आणि गोलाकार चरे आहेत. बोटाच्या नखाला लागतात. नवा कोन त्यावर सरकवला तर तो स्पष्टपणे डुगडुगतो. छायाचित्रे जोडली आहेत.

ताम्हिणी_घाट

छायाचित्रे पाहिली. कोन अ‍ॅक्सलवर फिरला आहे, यात वाद नाही. मी माझे वरचे मत जीपपुरतेच ठेवतो.

मिडलँड्सकर

तो स्टब अ‍ॅक्सल वापरू नका. भरून घेऊन पुन्हा घासण्याचाही विचार करू नका. स्टिअरिंगच्या भागावर वेल्डिंगची उष्णता नको. एमजीबीमध्ये स्टब अ‍ॅक्सल आणि स्विव्हल (किंगपिनवर वळणारा भाग) एकाच घडणीचे असल्यामुळे तो बदलायचा म्हणजे किंगपिनही निघणार, आणि नव्या बुशांना एका रेषेत रीमर (भोक अचूक मापाला आणणारे हत्यार) फिरवावा लागणार. तो रीमर घरी कोणाकडे नसतो, त्यामुळे बुश बसवून रीम केलेला पुनर्निर्मित भाग बदलीत घेणे सोयीचे.

टेम्सकाठचा

सुट्या भागांच्या एका बाजारात वापरलेला एक मिळतो आहे, पृष्ठभाग चकचकीत आहे. घ्यावा का?

रोलर_आणि_रेस

चकचकीतपणावर जाऊ नका. त्याच्याही आयुष्यात कोणी स्पेसर काढला होता की नाही हे आपल्याला कळणार नाही. घ्यायचा असल्यास आधी मायक्रोमीटरने दोन्ही बेअरिंगच्या जागा तीन-तीन ठिकाणी मोजा, आणि मग खांद्याच्या वळणाजवळ लाल डाय पेनिट्रंटची चाचणी करा. भाग स्वच्छ करायचा, लाल द्रव फवारून त्याच्या डब्यावर दिलेला वेळ थांबायचे, पुसायचा आणि पांढरा डेव्हलपर मारायचा. भेग असेल तर पांढऱ्यावर बारीक लाल रेघ उमटते. खांद्याच्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ जरी दिसली तरी तो भाग परत करा.

टेम्सकाठचा

चाचणीचे डबे मागवले आहेत. तोवर गाडी उजव्या बाजूने स्टँडवर राहील, आणि उजव्या हबसाठी स्पेसर आणि शिम्सचे पाकीट नव्याने घ्यावे लागेल. डाव्या बाजूला दोनशे मैलांनंतर पुन्हा डायल गेज लावून आकडा इथेच टाकतो.